इंजिन बदललं पण गाडी चालूच होत नाही: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

इंजिन बसलं, पाइप लागले, ऑइल भरलं, चावी फिरवली आणि गाडी ढिम्म. हे इतक्या जणांचं होतं की एकदाच सगळं लिहून टाकतोय. एक गोष्ट आधीच डोक्यात ठेवा, जे इंजिन उतरवायच्या दिवशी दुसऱ्या गाडीत चालू होतं ते तुमच्या गाडीत येऊन एका रात्रीत मरत नाही. दहातल्या नऊ वेळा लोचा जिथे तुमचा पाना लागलाय तिथेच असतो, म्हणजे एखादी वायर, एखादा कनेक्टर, एखादा पाइप. त्यामुळे नवीन पार्ट आणायला पळू नका, आधी तपासा.

सुरुवात कुठून करू? डोकं चालत नाहीये.

गाडी नक्की काय करते ते आधी ठरवा, कारण "चालू होत नाही" यात तीन वेगळे आजार आहेत. चावी फिरवल्यावर सेल्फ (इंजिनाला सुरुवातीला फिरवणारी मोटर) अजिबात फिरत नाही हा एक. सेल्फ फिरतो पण रडत रडत, हा दुसरा. आणि इंजिन मस्त गरगर फिरतंय पण पकडत नाही हा तिसरा. पहिल्या दोघांचा पेट्रोल, प्लग, सेन्सर यांच्याशी काही संबंध नाही, तिथे बहुतेक वेळा बॅटरी, जाड वायरी, अर्थिंग आणि सेल्फ. लोक सेल्फ फिरत नसताना इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे भाग) उघडून बसतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आणि बॅटरी मोजा. स्वॅपमध्ये, म्हणजे इंजिन बदलताना, गाडी महिना दोन महिने उभी असते, दार उघडं राहतं, आतला दिवा चालू राहतो, बॅटरी कधी बसली कळत पण नाही. बंद गाडीवर १२.६ व्होल्ट म्हणजे फुल चार्ज, १२.० च्या आसपास म्हणजे जवळजवळ रिकामी. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जात असेल तर आधी चार्जर लावा, मग पुढचं बोलू.

चावी फिरवली की नुसता "टक्" आवाज येतो, बाकी काही नाही.

टक् म्हणजे सोलेनॉइडला (सेल्फवरच्या इलेक्ट्रिक स्विचला) सिग्नल पोचतोय, पण मोटरला ताकद मिळत नाहीये, किंवा इंजिनच फिरायला तयार नाहीये. बॅटरी ठीक असेल तर दोन्ही टर्मिनल काढून पॉलिश पेपर मारा, सेल्फवरच्या जाड वायरीचा नट कसलाय का बघा, आणि मग सरळ अर्थिंगवर या, खाली सविस्तर लिहिलंय.

अर्थिंग पण बरोबर असेल तर गाडी न्यूट्रलला टाका, बॅटरीची वायर काढा, क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पुलीच्या बोल्टला सॉकेट लावून लांब दांड्याने इंजिन हाताने फिरवून बघा, नेहमीच्या दिशेनेच. जोर लागेल पण फिरलं पाहिजे. एका जागी येऊन ठप्प अडत असेल तर जोर करू नका, प्लग काढा आणि परत फिरवा. प्लगच्या भोकातून पाणी किंवा पेट्रोल उडालं तर सिलिंडरमध्ये लिक्विड भरलं होतं, नशीब की सेल्फने कनेक्टिंग रॉड वाकवला नाही. काहीच उडालं नाही आणि तरी अडतंय, तर फ्लायव्हीलच्या (इंजिनाच्या मागच्या जड चाकाच्या) बाजूला बघा, चुकीच्या जागी लागलेला लांब बोल्ट आत टेकतो.

ऑटोमॅटिकवाल्यांनी तर टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्समधला ऑइलने भरलेला जोड) बघाच. तो पूर्ण आत बसला नसेल आणि तुम्ही बेल हाउसिंगचे (गिअरबॉक्सच्या पुढच्या घंटेसारख्या कवचाचे) बोल्ट कसून इंजिन गिअरबॉक्सला खेचून आणलं असेल तर ते जाम होतं आणि गिअरबॉक्सचा ऑइल पंप पण तुटतो. इंजिन गिअरबॉक्सला हाताने चिकटलं पाहिजे, बोल्टने ओढून नाही. चिकटल्यावर कन्व्हर्टर आणि फ्लेक्सप्लेटमध्ये (ऑटोमॅटिकमध्ये फ्लायव्हीलच्या जागी असलेल्या पातळ चाकात) थोडी फट राहते, साधारण ३ ते ५ मिलिमीटर, कन्व्हर्टर पुढे सरकवून मग त्याचे बोल्ट लावायचे. फटच नसेल तर थांबा.

टक् पण होत नाही. डॅशबोर्डचे दिवे मात्र लागतात.

म्हणजे सोलेनॉइडच्या बारीक वायरीला करंटच येत नाहीये. ती वायर सेल्फवर लागली आहे का ते हात घालून बघा, कारण ती खालून लागते, दिसत नाही, आणि इंजिन बसवताना मागे अडकून राहते. लागली असेल तर टेस्ट लॅम्प लावा आणि कोणाला तरी चावी फिरवायला सांगा. दिवा लागला तर सेल्फ खराब. नाही लागला तर मागे मागे जा: सेल्फचा रिले, फ्यूज, ऑटोमॅटिकमध्ये पार्क-न्यूट्रलचा स्विच, मॅन्युअलमध्ये क्लच पेडलचा स्विच. ऑटोच्या जागी मॅन्युअल गिअरबॉक्स टाकलाय का? मग जुन्या हार्नेसला (वायरींच्या जुडग्याला) पार्क-न्यूट्रलचा सिग्नल देणारं कोणी उरलंच नाही, ते सर्किट क्लच स्विचमधून पूर्ण करावं लागतं. सरळ जोडून टाकू नका हं, गिअरमध्ये असताना चावी फिरवली तर गाडी भिंतीत जाईल.

सगळे म्हणतात अर्थिंग बघ, अर्थिंग बघ. म्हणजे नक्की काय बघू?

इंजिन रबरच्या फाउंडेशनवर बसतं, आणि रबरातून करंट जात नाही. म्हणून ब्लॉक किंवा गिअरबॉक्सपासून चासीपर्यंत किंवा थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत एक जाड वायर नाहीतर विणलेली पट्टी असते. इंजिन उतरवताना ती काढतात आणि बसवताना विसरतात, किंवा नव्याने रंग मारलेल्या ब्लॉकवर लावतात, म्हणजे लावून न लावल्यासारखीच.

माझ्या पहिल्या स्वॅपची गोष्ट सांगतो. चावी फिरवली, सेल्फ अर्धा फेरा फिरून मेला आणि ॲक्सिलरेटरच्या केबलमधून धूर यायला लागला. मी पाण्याची बादली आणायला पळालो. मित्र तिथेच उभा, म्हणाला अरे बादली ठेव, अर्थची पट्टी कुठाय? सेल्फचा सगळा करंट परत जायला वाट शोधत होता आणि त्याला त्या बारक्या केबलचं आवरण सापडलं होतं. पट्टी बोल्टच्या डब्यात निघाली, वर चिठ्ठी, माझ्याच अक्षरात: "अर्थ. विसरू नको."

तपासायची पद्धत सोपी आहे. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, वायरीवर नाही तर खांबावरच, दुसरं ब्लॉकच्या उघड्या धातूवर, आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२-०.३ व्होल्ट दिसले तर ठीक. ०.५ च्या वर गेलं तर अर्थ कमजोर, आणि दोन-चार व्होल्ट दिसले तर अर्थ नाहीच म्हणा. हीच टेस्ट पॉझिटिव्हला, बॅटरीच्या खांबापासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत. मीटर नसेल तर जंपर केबल निगेटिव्हपासून ब्लॉकला लावा आणि सेल्फ मारा, लगेच जोरात फिरला तर आजार सापडला.

आणि एक, हार्नेसचे बारीक अर्थ वेगळे. ईसीएमचे (इंजिन चालवणाऱ्या कंप्युटरचे) अर्थ बऱ्याच गाड्यांमध्ये इनटेक मॅनिफोल्डवर किंवा हेडच्या मागे एका बोल्टखाली दोन-तीन लग (वायरीच्या टोकाच्या कड्या) असे असतात. ते हवेत लोंबकळत राहिले तर इंजिन झकास फिरेल पण ना प्लगला करंट (स्पार्क) मिळणार ना इंजेक्टर उघडणार.

इंजिन जोरात फिरतंय, पण पकडत नाही.

हा खरा प्रश्न, बाकी सगळं याच्या आधीची तयारी. पेट्रोल इंजिनला हवा, पेट्रोल, करंट आणि कॉम्प्रेशन लागतं, आणि हे सगळं बरोबर वेळेला. नवीन गाड्यांमध्ये याच्यावर एक साहेब बसलाय, ईसीएम, त्याची परवानगी लागते. म्हणून आधी साहेब जागा आहे का बघा. चावी ऑन करा, सेल्फ मारू नका, चेक इंजिनचा दिवा लागला पाहिजे. लागलाच नाही तर बहुतेक वेळा ईसीएमलाच सप्लाय नाही, मग मेन रिले, फ्यूज, अर्थ, मोठे कनेक्टर. कनेक्टरचं लॉक लागलंय दिसतं आणि आतली एखादी पिन वाकून मागे गेलेली असते, त्यामुळे काढून उजेडात बघा.

दिवा लागतोय? मग दहा सेकंद सेल्फ मारा, थांबा, आणि एक प्लग काढून नाकाशी धरा. ओला आहे आणि पेट्रोलचा वास येतोय तर पेट्रोल पोचतंय, करंट नाही. कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोलच नाही, किंवा इंजेक्टर उघडत नाहीयेत. करंट बघायला स्पार्क टेस्टर वापरा, वायर हातात धरून बघायची जुनी सवय सोडा, आताच्या कॉइल जोरात मारतात आणि शेजारी पेट्रोलची वाफ असते.

पेट्रोलही नाही आणि करंटही नाही, दोन्ही एकदम गायब, तर दोन संशयित, क्रँक सेन्सर (क्रँक किती फिरला ते सांगणारा) नाहीतर इमोबिलायझर (चावी ओळखून चोरी रोखणारं यंत्र). दोन वेगळ्या गोष्टी एकाच वेळी बिघडत नाहीत राव, दोघांचा मालक एकच असतो.

क्रँक सेन्सर तर नवीन टाकलाय, तो कसा खराब असेल?

सेन्सर चांगला असेल, पण तो ज्या चाकाचे दात मोजतो ते चाक तुमच्या ईसीएमच्या ओळखीचं आहे का? काही इंजिनांत ३६ दातांतला १ गायब असतो, काहींत ६० मधले २. ईसीएम त्या मोकळ्या जागेवरून पिस्टन कुठे आहे ते ओळखतो. बाहेरून सारखंच दिसणारं, पण दुसऱ्या वर्षाचं इंजिन आणलं किंवा दुसरं फ्लायव्हील टाकलं की दात वेगळे, आणि ईसीएम बिचारा मोजत बसतो. म्हणून जुन्या आणि नव्या इंजिनाचे दात शेजारी ठेवून मोजायचे, आणि ते इंजिन बाहेर असतानाच.

बाकी नेहमीची कारणं म्हणजे सेन्सर आणि दातांमधलं अंतर जास्त (बहुतेक ठिकाणी साधारण १ मिलिमीटर लागतं), गिअरबॉक्स बसवताना वायर चिमटली, किंवा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि क्रँकच्या सेन्सरचे कनेक्टर सारखेच असल्यामुळे अदलाबदल झाली. स्कॅनर (ईसीएमची माहिती आणि कोड वाचणारं यंत्र) असेल तर सेल्फ मारताना आरपीएम बघा, १५० ते ३०० च्या मध्ये काहीतरी दिसायला हवं. शून्य दिसतंय तर ईसीएमला वाटतंय इंजिन थांबलेलं आहे, मग तो करंट कशाला सोडेल? स्कॅनर नसेल तर आरपीएमचा काटा बघा, सेल्फ मारताना तो थोडासा उचलतो. सगळ्या गाड्यांत नाही, पण उचलला तर सेन्सर जिवंत आहे. पी०३३५ कोड आला तर क्रँक सेन्सरचं सर्किट, पी०३४० म्हणजे कॅमचं. कोड सर्किटचा असतो, म्हणजे वायर पण त्यातच आली, लगेच सेन्सर मागवू नका.

ईसीएम जुनं ठेवू की इंजिनाबरोबर आलेलं लावू?

इंजिन अगदी तेच असेल, तोच कोड, तीच सिस्टिम, तर गाडीचं स्वतःचं ईसीएम राहू द्या, चावीचा प्रश्नच येत नाही. इंजिन वेगळं असेल तर त्याचं ईसीएम लागणार, आणि मग इमोबिलायझरची भानगड सुरू. चावीत एक चिप असते, चावीच्या भोकाभोवती एक अँटेनाची रिंग असते, इमोबिलायझर त्या चिपला ओळखतो आणि ईसीएम इमोबिलायझरला ओळखतो. यातलं एक बदललं की साखळी तुटली. म्हणून इंजिन घेताना ईसीएम, इमोबिलायझर आणि त्याच गाडीची चावी असा सेटच मागा. नाहीतर नवीन प्रोग्रामिंग करणारा माणूस शोधा.

ओळखायचं कसं, तर चावीचा किंवा कुलुपाचा दिवा लुकलुकत राहतो, आणि इंजिन एक-दोन सेकंद चालू होऊन गपकन बंद पडतं, किंवा पकडतच नाही. काही गाड्या तर सेल्फच फिरू देत नाहीत.

पेट्रोल येत नाहीये हे कळलं. आता?

चावी ऑन केल्यावर मागून पंपाचा दोन-तीन सेकंद घूंऽऽ असा आवाज येतो बऱ्याच गाड्यांमध्ये, मागच्या सीटवर कोणालातरी कान लावून बसवा. आवाज नाही तर फ्यूज, रिले, आणि काही गाड्यांमध्ये धक्क्याने पडणारा कट-ऑफ स्विच असतो तो. आवाज आहे पण प्रेशर नाही, तर जाणारा आणि परतीचा पाइप उलटा लागलाय का बघा, दोन्ही सारखेच दिसतात आणि ही चूक फार होते. मॅनिफोल्डमध्ये इंजेक्टर असलेल्या इंजिनाला साधारण ३ ते ४ बार लागतात. कार्ब्युरेटरला अर्ध्या बारच्या आतच. म्हणून कार्ब्युरेटरवाल्या गाडीत इंजेक्शनचं इंजिन टाकून जुनाच पंप ठेवला तर आवाज येईल, पेट्रोल वाहताना दिसेल, आणि इंजिन तरी चालू होणार नाही. टाकीतलं पेट्रोल सहा-आठ महिन्यांचं असेल आणि वार्निशसारखा वास येत असेल तर ते काढा.

करंट आहे, पेट्रोल आहे, तरी नुसते फटाके फुटतात.

मग वेळ चुकली. डिस्ट्रिब्युटरवालं (ज्यात फिरता रोटर एकेका प्लगला करंट वाटतो ते) इंजिन असेल तर बहुधा तो उलटा बसलाय, पूर्ण अर्धा फेरा. कारण क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो, त्यामुळे एक नंबरचा पिस्टन वर येतो दोनदा, पण कॉम्प्रेशनला एकदाच. पुलीवरची खूण जुळली म्हणून खूश होऊ नका. एक नंबरचा प्लग काढा, भोकावर बोट ठेवा, इंजिन हळू फिरवा, हवा बोटाला ढकलायला लागली की तो कॉम्प्रेशनचा फेरा, तिथून पुढे खूण जुळवा. मग वायरींचा क्रम, चार सिलिंडरच्या सरळ इंजिनात बहुतेक वेळा १-३-४-२, आणि रोटर कुठल्या दिशेला फिरतो त्या दिशेनेच मोजायचा.

टायमिंग बेल्ट तुम्हीच बदलला असेल तर तोही परत बघा. आणि टायमिंगबद्दल शंका असताना सेल्फ मारत राहू नका, बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांना भेटतात.

सगळं बरोबर आहे, खरंच सगळं. तरी नाही.

एअर क्लीनरचा पाइप काढून आत टॉर्च मारा. इंजिन बाहेर असताना नट आत पडू नये म्हणून इनटेकच्या तोंडात चिंधी कोंबतात आणि ती तशीच राहते. हसू नका, माझ्याकडे एक निळी चिंधी अजून ठेवलेली आहे. एक्झॉस्टचंही तसंच, बंद असेल तर हवा आत येणार कुठून.

टेम्परेचर सेन्सर पण बघा. कनेक्टर निघालेला असेल तर स्कॅनरवर बऱ्याचदा उणे ४० अंश दिसतं, ईसीएम बदाबदा पेट्रोल ओततो आणि प्लग भिजून जातात. भिजले असतील तर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा, बऱ्याच इंजेक्शनच्या गाड्यांत असं केलं की पेट्रोल बंद होतं आणि सिलिंडर सुकतात.

डिझेलचं काय?

डिझेलला आधी एअर काढा. फिल्टर, पाइप सगळं उघडलेलं असतं, हवा भरलेली असते, हँड प्रायमर कडक होईपर्यंत दाबा. मग सायलेन्सरकडे बघा. सेल्फ मारताना पांढरा धूर येतोय तर डिझेल पोचतंय पण जळत नाहीये, म्हणजे ग्लो प्लग (सिलिंडर आतून गरम करणारा), टायमिंग किंवा कॉम्प्रेशन. धूरच नाही तर डिझेल पोचत नाही. कॉमन रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरना एकाच हाय प्रेशर नळीतून डिझेल देणाऱ्या इंजिनात) रेलचं प्रेशर साधारण २०० बारच्या वर गेल्याशिवाय ईसीएम बहुतेक वेळा इंजेक्टर उघडतच नाही, त्यामुळे छोटीशी गळती असली तरी गाडी फिरतच राहते. आणि कॉमन रेलचा हाय प्रेशरचा पाइप सेल्फ मारताना ढिला करून बघू नका, जुन्या डिझेलवर चालायचं ते इथे नाही, ती धार कातडीतून आत शिरते. ग्लो प्लगवाल्या इंजिनात स्टार्टिंग स्प्रे मारायचा नाही.

धक्का मारून बघू का?

नको. ऑटोमॅटिक तर होणारच नाही, मॅन्युअलमध्ये टायमिंग चुकलं असेल तर व्हॉल्व्ह वाकतील, आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जाळेल. सेल्फ पण एका वेळी दहा-पंधरा सेकंदच, मग मिनिटभर थांबा.

आणि इंजिनच खराब निघालं असेल तर?

होतं असं, पण हे शेवटी. कॉम्प्रेशन गेज लावा, सगळे प्लग काढून, पेट्रोल आणि करंट बंद करून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून. पेट्रोलला साधारण १० ते १३ बार, डिझेलला २५ ते ३५. चारही सारखेच कमी असतील तर बहुतेक टायमिंग सरकलंय. एकच कमी असेल तर त्या भोकात चमचाभर ऑइल टाकून परत मोजा, वाढलं तर रिंग, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

झाली एकदाची चालू! आता?

रेस देऊ नका. ऑइलचा दिवा बघा, पाच-सात सेकंदांत विझला नाही तर लगेच बंद. (खरं तर बरेच दिवस पडून असलेलं इंजिन आधी प्लग काढून दिवा विझेपर्यंत सेल्फवर फिरवायला हवं होतं.) मग खाली वाकून पेट्रोलच्या प्रत्येक जोडावर नजर टाका, कोरडं आहे का. टॅपेटचा थोडा आवाज सुरुवातीला येईल, येऊ द्या. कूलंट खाली जाईल कारण आतली हवा निघत असते, भरत राहा, पण गरम झाल्यावर झाकणाला हात लावू नका. टेम्परेचरचा काटा मध्यावर येऊन थांबला पाहिजे, आणि रेडिएटरचा फॅन दोनदा लागून दोनदा बंद झाला की मगच बोनेट पाडा.